आबा म्हणताना ओठ एकदाच मिटतात

आमच्या घरात गुपित ठेवायची सोय नव्हती. सुरतेच्या लिंबायतमधली एक खोली, त्यातच ओटा, त्यातच मोरी, आणि कानानं जवळजवळ गेलेले वडील. त्यांना काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं. त्यामुळे आज भरीत केलंय, मामाला कावीळ झालीय, माझी पाळी आलीय म्हणून देवाला हात लावायचा नाही, असलं सगळं आम्हाला आणि गल्लीतल्या दहा घरांना एकदमच कळायचं. भिंतीला कान असतात म्हणतात. आमच्या भिंतीला होते, आबांना नव्हते.

आबा सोळाव्या वर्षी धुळ्याकडच्या गावातून सुरतेला आले ते थेट लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, खात्यात. कारखान्याला आमच्याकडे खातं म्हणतात. एका शेडमध्ये चाळीस-पन्नास लूम, बारा तास तो खडखडाट, पंधरा दिवस दिवसपाळी आणि पंधरा दिवस रातपाळी. माझ्या जन्माच्या वेळी त्यांना डाव्या कानानं कमी यायचं. मी दहावीत गेले तोवर उजवाही गेला. कापूस घालून बसा, असं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्यांनी घातला नसता. शेडमध्ये कापूस म्हणजे बायकी काम, असं ते म्हणायचे. मला या वाक्याचा अजून राग येतो.

मायचं म्हणणं वेगळंच होतं. तिला वाटायचं, हा माणूस ढोंग करतो. ओट्याशी पाठमोरी उभी राहून ती घसा फुटेस्तोवर ओरडायची तर आबा ढिम्म. पण समोर येऊन साध्या आवाजात "तेल संपनं" म्हणाली की ते पिशवी घेऊन उठायचे. "याले मतलबनं बराबर आयकू येस," ती मला सांगायची. मलाही ते पटायचं. समोरून बोललेलं कळतं आणि मागून बोललेलं कळत नाही, यामागे ढोंगाशिवाय दुसरं कारण असू शकतं, हे आम्हा दोघींच्या डोक्यात आलं नाही. दोघीही त्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं एका खोलीत राहत होतो.

मी अकरावीत असताना मोठं भांडण झालं ते फोनवरून. माय साड्यांना टिकल्या चिकटवायचं काम घरी आणायची. तयार साड्या पोचवायला ती गेली होती आणि मामाचा फोन आला. स्क्रीन उजळलेली बघून आबांनी उचलला. फोनवर आबा एकच करायचे, कानाला लावून "हा, हा, बरं, चालस" म्हणत राहायचे आणि समोरचा थांबला असं वाटलं की ठेवून द्यायचे. मामानं विचारलं होतं, भाचीसाठी शिरपूरचं स्थळ आहे, मुलाचं गॅरेज आहे, पोर अठराची झाली की उरकून टाकू, शब्द देऊन टाकू का? आबा म्हणाले, "हा, हा. बरं. चालस."

मामानं शब्द दिला. चार दिवसांनी तिकडची माणसं सुपारी फोडायला कधी येणार ते ठरलं, आणि माय आनंदानं फुलून आबांसमोर येऊन बसली तेव्हा त्यांना कळलं की त्यांनी काय कबूल केलंय. ते उभेच राहिले. "मी कव्हय हा म्हनं? पोर बारावी करी. तिले शिकानं शे."

मी कोपऱ्यात टिकल्या चिकटवत बसले होते. त्या दिवशी मला आबा फार आवडले, हे इथं लिहून ठेवते, कारण पुढं मी काय केलं ते वाचताना कुणाला वाटेल की मला ते कधी आवडलेच नव्हते.

मामाचं नाक कापलं गेलं. मायनं आठ दिवस अन्नाला हात लावला नाही, मग पिशवी भरली आणि माहेरी निघाली. जाताना दारात उभं राहून, गल्लीला साक्ष ठेवून म्हणाली, "व्हऊ दे बारावी. पन हिनं काही मना कानवर उनं, ते मी सांगसू तठेच देवानं." म्हणजे माझ्याबद्दल एक शब्द जरी तिच्या कानावर गेला, तर बारावी तिथंच संपली आणि ती म्हणेल त्या घरी मला दिली. आबांनी तिच्या तोंडाकडे बघत मान हलवली. करार झाला.

मग बारावीच्या वर्षी खोलीत आम्ही दोघंच. मी पहाटे उठून भाकरी थापायची, शाळेत जायची, दुपारी साड्या घेऊन बसायची, आणि आठवड्यातून चार दिवस मजुरा गेटजवळच्या क्लासला जायची. क्लासची फी आबांनी भरली होती. मला फोनही त्यांनीच घेऊन दिला होता, शाळा बंद होत्या त्या काळात, मोबाइलवर शिकवायचे तेव्हा.

क्लासमध्ये सगळी गुजराती पोरं. मीही गुजरातीच बोलायची. एक दिवस मागच्या बाकावरून कुणीतरी स्वतःशीच म्हणालं, "अरे देवा, हे काय शिकवतायत!" मी हसले. त्यानं विचारलं, "तू मराठी आहेस?"

तो नदीपलीकडचा होता, अडाजणचा. वडील बँकेत, आई शाळेत शिकवणारी, आजोळ साताऱ्याचं. त्याचं मराठी अगदी माझ्या पुस्तकांतल्यासारखं होतं. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकले होते, त्यामुळे तसलं मराठी मला येत होतं, पण ते फक्त उत्तरपत्रिकेत लिहायचं असतं अशी माझी समजूत होती. घरी आम्ही अहिराणी बोलायचो. त्याच्याशी पहिलं वाक्य बोलताना मला पेपर लिहिल्यासारखं वाटलं.

"कुठली तू?"

"नाशिकची," मी म्हटलं. नाशिक मी एकदा बसमधून पाहिलं होतं.

"राहतेस कुठे?"

"भेस्तानला. सोसायटी आहे आमची."

"आणि बाबा?"

इथं जरा थांबते. मी वडिलांना आबा म्हणायची. गावाकडं म्हणतात तसंच. त्यानं बाबा म्हटलं आणि मीही बाबा म्हटलं, आणि एका अक्षराच्या फरकानं मला दुसरेच वडील मिळाले. "बाबा कापड मार्केटमध्ये मॅनेजर आहेत," मी म्हटलं. पुढं हे बाबा वाढत गेले. बाबा सकाळी पेपर वाचतात. बाबांना उशीर झालेला खपत नाही. बाबांना चष्मा लागलाय. मला त्या बाबांचा लळा लागला होता, खोटं कशाला बोलू. ते हळू बोलायचे.

तो मला फार आवडायचा. त्यात विशेष काय होतं ते आज सांगायला बसले तर हसू येईल असंच आहे. पंख्याखालची जागा तो माझ्यासाठी वही ठेवून धरायचा. माझं अक्षर त्याला आवडायचं. एकदा आम्ही लोचो खाल्ला, वाफाळता, वर तेल आणि शेव, आणि माझी जीभ भाजली तर त्यानं धावत जाऊन ताक आणलं. क्लास सुटला की बसस्टॉपपर्यंत चालत जायचो. भेस्तानच्या बसमध्ये त्याच्यासमोर चढायचं आणि पुढच्या स्टॉपला उतरून लिंबायतची रिक्षा धरायची, असा माझा चार दिवसांचा नेम. एवढ्या खोट्यावर उभं असूनही ते सगळं खरं होतं. तो दिसला नाही की मला जेवण जायचं नाही.

पण खरं सांगायचं तर मला सगळ्यांत जास्त आवडायचं ते त्याच्याशी फोनवर बोलणं. जिच्या घरात मीठ मागायलाही ओरडावं लागतं, तिलाच ते कळेल. ज्याच्याशी हळू बोलता येतं असा तो माझ्या आयुष्यातला पहिला माणूस. माझा आवाज कसा आहे, मला मध्येच हसायची सवय आहे, मी विचार करताना "म्हणजे कसं" म्हणते, हे मला तेव्हा कळलं. सतरा वर्षं तो आवाज ओरडण्यातच जात होता. मला शिक्षिका व्हायचंय हेही मी पहिल्यांदा त्याच फोनवर बोलले, आणि बोलल्यावर मलाच नवल वाटलं.

बोलायचं कुठं? बाहेर ओट्यांवर बायका बसलेल्या. तिथं एक शब्द बोलला असता तर दोन दिवसांत तो मायच्या माहेरी पोचला असता. म्हणून मी आत बोलायची. आत फक्त आबा. रातपाळी असली की ते सकाळी येऊन झोपायचे, तीनच्या सुमारास उठायचे आणि ताट घेऊन माझ्यासमोर बसायचे. मी एका हातानं त्यांना वाढायची आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला धरून त्याच्याशी बोलायची. पायापाशी बसून, तोंडासमोर तोंड. माझ्या लेखी त्या खोलीत मी एकटीच होते.

आबांनी विचारलं होतं सुरुवातीला एकदा, "कोन शे?" मी ओरडले, "क्लासनी मैत्रीण!" त्यांनी मान हलवली होती.

तो दिवस पितृपक्षातला होता, कारण शेजारून वड्यांचा वास येत होता आणि मी नुसती भाकरी आणि मुगाची डाळ केली होती. आबा जेवत होते. मी फोनवर होते. आपल्या आवाजाचा अंदाज ज्याला येत नाही तो माणूस खोलीतल्या खोलीत शेतात हाक मारल्यासारखा बोलतो. आबा बोलले, "मिरची दे व बेटा!"

फोनमधून तो दचकला. "कोण ओरडतंय गं?"

मी डब्यातून मिरची काढत होते. मिरची पुढं केली, आबांच्या तोंडाकडं बघत होते, आणि हसत हसत मी म्हटलं, "काही नाही रे. बाजूवाले काका आहेत. बहिरे आहेत. डोक्यानंही जरा तसेच. दिवसभर ओरडत असतात."

"मग बाबा काही बोलत नाहीत त्यांना?"

"बाबा ऑफिसला आहेत ना."

आबांनी मिरची घेतली. ताटाच्या कडेला ठेवली. माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं भाकरी हवीय, म्हणून मी अर्धी वाढली. ती त्यांनी खाल्ली. मिरची तशीच राहिली, ती मी नंतर उचलून पुन्हा डब्यात टाकली.

त्यानंतर आबा गप्प झाले. एका दिवसात नाही, पण आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की घरात ओरडणं बंद झालंय. पाणी हवं असलं की ते पेला उचलून दाखवायचे. नको असलं की ताटावर हात आडवा धरायचे. आणि मी फोन कानाला लावला की ताट उचलून भिंतीकडं तोंड करून बसायचे. तिकडं कूलरची हवा लागते म्हणून बसत असतील, असं मी धरून चालले. ऑक्टोबर सरला, कूलर बंद करून वर ठेवला, तरी ते तिकडंच बसायचे. माझ्या डोक्यात काही आलं नाही. मला तर सुटल्यासारखं झालं होतं. फोनवर आता मागून कुणी ओरडत नव्हतं. एकदा त्यानं विचारलंही, "तुझे ते बाजूवाले काका गेले का कुठे?" मी म्हटलं, "गेले बहुतेक." आणि दोघं हसलो.

दिवाळीत माय चार दिवसांसाठी आली. घर झाडलं, डबे घासले, माझ्या केसांना तेल लावलं, आणि तिसऱ्या दिवशी आबांना समोर बसवून विचारलं. विचारलं म्हणजे ओरडली. सगळी गल्ली फराळ करता करता ऐकत होती.

"पोर फोनवर कोनासंगे बोलस? माले खरं सांगा!"

माझ्या हातात करंजीचं सारण होतं. आबांनी आधी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "कोनासंगेच नही," ते म्हणाले. "अभ्यास करस ती."

"तुमले काय आयकू येस? ती काहीबी बोलनी तरी तुमले समजाव नही!"

"आयकू नही येत. पन दखस ना मी."

बघून काय कळणार, अशा थाटात माय हात झटकून उठली. मी मान खाली घालून करंज्या भरत राहिले, आणि मनात चक्क उड्या मारत होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. सुटले. म्हाताऱ्याला काही पत्ता नाही. हे शब्द तेव्हा माझ्या डोक्यात होते, अगदी असेच. आबा चव्वेचाळीस वर्षांचे होते.

माय पाडव्यानंतर परत गेली. नोव्हेंबरच्या शेवटी शाळेत बोर्डाचा फॉर्म भरायचा आला. त्यावर पालकाची सही हवी होती आणि माझा फॉर्म राहिलेला. बाईंनी सांगितलं, बारा वाजेपर्यंत आण, नाहीतर तुझं नाव मागं पडेल. आबांची दिवसपाळी होती. मी फॉर्म घेऊन खात्यावर गेले.

लहानपणी मी मायबरोबर डबा द्यायला दारापर्यंत जायची. वयात आल्यावर गेले नव्हते; पोरींनी तिकडं जायचं नसतं. वॉचमननं आत हात दाखवला. मी शेडच्या दारात उभी राहिले आणि पहिल्यांदा तो आवाज काय असतो ते मला कळलं. कानाला लागत नव्हता, छातीत आदळत होता. मी "आबा" म्हणून हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

आबा चौथ्या ओळीत होते. त्यांच्यापासून चार लूम सोडून पलीकडं एक ओडिशाचा कारागीर होता. आणि आबा बोलत होते. त्यांचे ओठ हलत होते, भराभर, हात मात्र लूमवर. पलीकडचा माणूस डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडं बघत होता, मग त्याचे ओठ हलले, आणि आबा मान मागं टाकून हसले. घशातून आवाज काढायची दोघांनाही गरज नव्हती. तिसऱ्यानं लांबून काहीतरी भर घातली, त्यालाही आबांनी उत्तर दिलं. सगळं शेड बोलत होतं, थट्टामस्करी चालली होती, आणि कुणी एक शब्दही ऐकत नव्हतं. घरात पेला उचलून दाखवणारा माझा बाप तिथं सगळ्यांत जास्त बोलत होता.

मला इशारे माहीत होते. खात्यातले लोक हातवारे करतात, हे गल्लीतल्या पोरांनाही माहीत असतं. ओठ वाचतात, आणि तेही चार लूम सोडून, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कधी विचारलंही नव्हतं.

चार लूम. आमच्या खोलीत आबा माझ्यापासून हातभर अंतरावर बसायचे.

तेल संपनं. मतलबनं आयकू येस. पन दखस ना मी. भिंतीकडं फिरवलेलं ताट. सगळं एकामागोमाग एक माझ्यासमोर आलं, आणि शेवटी ती मिरची आली. बाबा म्हणताना ओठ दोनदा मिटतात. आबा म्हणताना एकदाच. मी सहा महिने त्यांच्यासमोर बसून कुणातरी बाबांबद्दल बोलत होते, आणि ते बाबा आपण नाही, हे त्यांना माझ्या ओठांवर दिसत होतं. चष्मा, पेपर, ऑफिस, सगळं. आपल्याला काय म्हणून ठेवलंय तेही.

मला मुलगा आवडतो, हेही त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून. त्यांनी मायला एक शब्द सांगितला असता तर मी शिरपूरला गेले असते.

ओडिशाच्या माणसाचं लक्ष माझ्याकडं गेलं. त्यानं हनुवटी उडवून आबांना विचारलं, कौन? आबा वळले. मला पाहिलं. माझा शाळेचा ड्रेस, वेण्या, हातातला फॉर्म. क्षणभर त्यांचा चेहरा घाबरला, घरी काही झालं की काय म्हणून. मग त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, मी रडकुंडीला आलेली, आणि काय वाटलं त्यांना देव जाणे. त्या माणसाकडं वळून ते म्हणाले,

"बाजूवाले की है।"

मला ओठ वाचता येत नाहीत. पण तो शब्द माझाच होता, त्यामुळे कळला.

ते माझ्यापाशी आले, मला दाराबाहेर घेऊन गेले, फडक्यानं हात पुसले. फॉर्मवर बोट ठेवून मी दाखवलं. त्यांनी तो गुडघ्यावर धरून सही केली, सावकाश, एकेक अक्षर वेगळं. सहीखाली नातं लिहायची रेघ होती. तिथं त्यांनी लिहिलं, वडील. मग खिशातून वीस रुपये काढून माझ्या हातावर ठेवले आणि रिक्षाकडं बोट केलं. उशीर होईल, जा.

मला रागानं म्हटलं असेल का त्यांनी ते? की मला लाज वाटते हे कळल्यावर, माझी लाज सांभाळावी म्हणून? आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला देणार. मी आजवर विचारलेलं नाही. त्यांचा चेहरा आठवून बघते तर त्यात राग सापडत नाही, आणि राग असता तर बरं झालं असतं असं वाटतं.

दोन दिवसांनी पाळी बदलली. आबा दुपारी घरी. मी डाळ, भाकरी आणि तळलेली मिरची केली. ताट मांडलं आणि फोन वाजला. त्याचाच होता. मला फोनकडं वळलेली बघून आबांनी सवयीनं ताट उचललं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. ज्याचे कान गेले, जो डोळ्यांनी ऐकतो, त्याला कानाडोळा करायचा तर तोंडच फिरवावं लागतं. अडीच महिने तो माणूस माझ्यासाठी भिंतीकडं बघून जेवत होता.

मी फोन उचलला. तो क्लासमधलं काहीतरी सांगत होता. मी मध्येच म्हटलं, "ऐक. ते बाजूवाले काका नाहीत."

"कोण?"

"ते ओरडायचे ना, ते. ते माझे आबा आहेत. माझे वडील. लूम चालवतात. आम्ही लिंबायतला राहतो. मार्केटमध्ये मॅनेजर वगैरे कुणी नाही."

मी मोठ्यानं म्हणाले नव्हते, पण प्रत्येक शब्द तोंड उघडून, ओठ नीट मिटून म्हणाले होते. आबांसाठी म्हणाले होते. त्यांची पाठ माझ्याकडं होती. बनियनला मानेपाशी भोक पडलं होतं. घास चावताना कानशिलाजवळची शीर हलत होती.

"लिंबायतला?" त्यानं विचारलं. मग म्हणाला, "अगं, मग आधीच सांगायचं ना. मला काय फरक पडतो." तो चांगला मुलगा होता, तो मनापासून म्हणत होता. आणि पुढं म्हणाला, "फक्त आईला इतक्यात नको कळायला. तिला मी सोसायटीचं वगैरे सांगितलंय. बघू नंतर." मला त्याचा राग आला नाही. हे वाक्य कसं सुचतं, ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? त्याच्याशी बोलणं पुढं महिनाभर चाललं आणि मग परीक्षेच्या नावाखाली थांबलं.

फोन ठेवला. आबा पाठमोरेच. हाक मारून उपयोग नव्हता. पुढं जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावायचा, ते वळले की ते वाक्य पुन्हा म्हणायचं, एवढंच काम होतं. सबंध वाक्यही नको होतं. एकदा ओठ मिटायचे होते.

मी उठून गेले. खांद्याला हात लावला. आबा वळले, डोळे माझ्या ओठांवर ठेवले, आणि थांबले. इतक्या जवळून, इतकं लक्ष देऊन माझ्याकडं कुणी कधी पाहिलं नव्हतं, नदीपलीकडच्या त्या मुलानंही नाही. मी ओठ उघडले. ते वाट बघत होते.

"डायमा मीठ बराबर शे का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडं आणखी थोडा वेळ पाहिलं, अजून काही येतंय का म्हणून. मग मान हलवली.

"बराबर शे," ते म्हणाले, हळू, आणि पुन्हा भिंतीकडं वळून जेवायला लागले.